कल्याणी : राजधानी ते तालुक्याचे गाव



सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा प्रवासी उमरगा मागे टाकून कर्नाटकाच्या हद्दीत शिरला, की थोड्याच वेळात सस्तापूर बंगल्याचा फाटा लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मालमोटारींच्या दुरुस्तीची दुकाने, लोखंड ठोकण्याचा आवाज, नव्या रंगाचा वास आणि चहाच्या टपऱ्या. ही येथील ऑटोनगर वस्ती. बहुतेक प्रवासी येथे चहा घेतात, चाकातील हवा पाहून घेतात आणि पुढे निघून जातात. फाट्यावरून काही किलोमीटर आत वळले तर एक गाव आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची वस्ती सत्तर हजारांच्या आसपास होती. आज त्याला बसवकल्याण म्हणतात. बीदर जिल्ह्यातील जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही ‘कल्याणी’ हेच नाव आहे. एके काळी हे गाव दक्षिण भारतातील एका बलाढ्य साम्राज्याची राजधानी होते आणि अनेक शतके ते केवळ एका जहागिरीचे ठाणे होते. या दोन टोकांच्या मधले जे जगणे आहे, तोच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

राजधान्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. परंतु राजधानी गेल्यानंतर मागे राहिलेल्या माणसांचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. कल्याणीचे वैशिष्ट्य हे, की येथे या दोन्ही इतिहासांची सांगड घालता येते. कारण या नगरीत जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांत राजांच्या पराक्रमाइतकीच भाकरीची, वाटणीची आणि गाण्याचीही नोंद आहे.

इ. स. ९७३ मध्ये दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवून चालुक्यांचे राज्य पुन्हा उभे केले. आरंभी त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, येथे होती. अकराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या सोमेश्वराने ती कल्याणीस आणली. नव्या राजधानीला वैभवाबरोबर वैऱ्यांचीही नजर लागली. चोळ राजा राजाधिराज याने कल्याणी जाळली आणि येथील एक द्वारपालाची मूर्ती तो आपल्याबरोबर दूर दक्षिणेस घेऊन गेला. कल्याणपूर जाळून ही मूर्ती आणल्याचा लेख तिच्या पायथ्याशी कोरलेला आहे. ती तमिळनाडूतील दारासुरम् येथे आढळली. गावाच्या दारावरचा राखणदारच शत्रूने उचलून नेला, तरी गाव पुन्हा उभे राहिले. कल्याणीच्या पुढील सगळ्या इतिहासाची ही जणू नांदीच होय.

सहावा विक्रमादित्य हा १०७६ मध्ये गादीवर आला आणि ११२६ पर्यंत त्याने राज्य केले. त्याने स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण हा कवी होता. त्याने ‘विक्रमाङ्कदेवचरित’ हे महाकाव्य रचले. या ग्रंथाची पुढची हकीकत ग्रंथालयाच्या सभासदांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. कल्याणीचे राजवाडे गेले, दरबार गेला, ग्रंथही लोकांच्या स्मरणातून गेला. १८७४ मध्ये जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर हे राजस्थानातील जैसलमेर येथे हस्तलिखिते पाहत असताना तेथील जैन ग्रंथभांडारात या काव्याची पोथी त्यांना सापडली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. दक्षिणेतील एका नगरीचे वर्णन वाळवंटातील एका ग्रंथभांडाराने शतकानुशतके सांभाळले. पोथी कोणासाठी जपायची, हे जपणाऱ्याला ठाऊक नसते. तरीही तो ती जपतो. ग्रंथालयाचे काम यापेक्षा निराळे नाही.

याच विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कल्याणीसारखे नगर पृथ्वीवर झाले नाही आणि होणार नाही, असा अभिमान त्याने ग्रंथाच्या शेवटी व्यक्त केला आहे. नगरीविषयीचे त्याचे भाकीत खरे ठरले नाही, पण त्याचा ग्रंथ मात्र नगरीपेक्षा दीर्घायुषी ठरला. बंगाल आणि आसाम वगळता बहुतेक भारतात हिंदू कुटुंबातील वाटणीचा निवाडा या टीकेच्या आधारे होऊ लागला. १८१० मध्ये कोलब्रुक यांनी तिच्यातील दायविभागाचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास प्रसिद्ध केले, तेव्हापासून इंग्रजी न्यायालयांनीही तिलाच प्रमाण मानले. बागाईत असो की गव्हाचे शेत, भावाभावांत वाद उभा राहिला म्हणजे वकील जो शब्द उच्चारीत, तो या गावात लिहिला गेलेला होता.

मिताक्षरेच्या मताने मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क प्राप्त होतो. मुलीला हा हक्क नव्हता. आठशे-नऊशे वर्षे घरोघरी हाच नियम चालला. १९९४ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आणि अविवाहित मुलींना असा जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना लागू झाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी वडील हयात असण्याची अट लागू नाही, असे स्पष्ट केले. ज्या गावात मुलाचा जन्मसिद्ध हक्क शब्दबद्ध झाला, त्या गावाच्या तहसील कचेरीतही आता पहाणीच्या उताऱ्यावर लेकींची नावे लागू शकतात. अर्थात कायद्याने दिलेला हिस्सा आणि भावाने मनापासून दिलेला हिस्सा यांत अजूनही अंतर आहे. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची घाई सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच दिसते.

विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर हा राज्यकर्ता म्हणून फार मोठा नव्हता. परंतु ग्रंथकार म्हणून तो थोर होता. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राज्यकारभार आहे, हत्तींची चिकित्सा आहे, वास्तू आणि चित्रकला आहे आणि स्वयंपाकघरही आहे. मांडे, पुऱ्या, वडे आणि आजच्या इडली-डोशाचे पूर्वज म्हणावेत असे पदार्थ त्यात वर्णिलेले आहेत. मराठी वाचकाला मात्र त्यातील आणखी एका नोंदीचे मोल अधिक वाटेल. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे हा कानडी मुलखातील राजा संस्कृत ग्रंथात लिहून ठेवतो. ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे मराठी बाईच्या मुसळाबरोबर उठणारी ओवी कल्याणीच्या राजाच्या कानी पडली होती आणि ती नोंदवण्याजोगी त्याला वाटली होती. या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला, हेही मराठी वाचकांनी कृतज्ञतेने स्मरावे असे आहे.

चालुक्यांची सत्ता दुबळी झाली तेव्हा त्यांचाच मांडलिक बिज्जल कलचुरी याने कल्याणी घेतली. बिज्जलाचे मूळ ठाणे मंगळवेढे. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील हे गाव चोखोबांचे आणि दामाजीपंतांचे म्हणून मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. महात्मा बसवेश्वरांनी बिज्जलाच्या पदरी सेवा केली ती प्रथम मंगळवेढ्यास आणि नंतर कल्याणीस. कल्याणीत त्यांच्याभोवती जो शरणांचा मेळा जमला, त्याची नुसती नावे वाचली तरी त्या काळातील गावगाड्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मडिवाळ माचय्या हा परीट, अंबिगर चौडय्या हा नावाडी, नुलिय चंदय्या हा दोर वळणारा, डोहर कक्कय्या हा कातडी कमावणारा, आणि आयदक्की मारय्या व लक्कम्मा हे सांडलेले तांदूळ वेचून पोट भरणारे जोडपे. अक्कमहादेवी आणि अल्लमप्रभू हेही याच मेळ्यातील. राजसभेत ज्यांना उंबऱ्याच्या आत घेतले नसते, अशी माणसे अनुभवमंटपात बसून ईश्वराविषयी बोलत आणि त्यांचे बोलणे वचनरूपाने लिहिले जाई. श्रम हीच पूजा, हा त्यांचा सिद्धांत. त्याला त्यांनी ‘कायक’ म्हटले. श्रमाचे फळ सर्वांबरोबर वाटून खाणे म्हणजे ‘दासोह’.

विचार जोवर मंटपात होता तोवर तो राजाने सहन केला. तो लग्नाच्या मांडवात आला तेव्हा मात्र वणवा पेटला. चांभार जातीचे हरळय्या आणि ब्राह्मण कुळातील मधुवरस या दोन शरणांनी आपल्या मुलामुलीचा विवाह लावून दिला. सनातन्यांनी कोल्हाळ केला आणि बिज्जलाने दोन्ही पित्यांना क्रूर देहान्त शिक्षा दिली, असे परंपरा सांगते. ११६७ च्या सुमारास बिज्जलाचा खून झाला, शरणांची पांगापांग झाली, वचनांची बाडे पाठीवर घेऊन ते चहूदिशांना गेले. बसवेश्वरांनी कूडलसंगम येथे देह ठेवला. विचाराला आरंभ करणारे गाव आणि विचारामुळे रक्तबंबाळ झालेले गाव, या दोन्ही ओळखी कल्याणीला एकाच काळात मिळाल्या. त्या विवाहाचा प्रश्न आठशे वर्षांनंतर सुटला आहे, असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकेल काय? १०८ फूट उंचीचा बसवेश्वरांचा पुतळा २०१२ पासून गावाबाहेर उभा आहे आणि नव्या अनुभवमंटपाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. दगडी स्मारके उभारणे हे काम मोठे खरे, पण त्या मांडवात निर्धास्तपणे बसता येणे हे त्याहून मोठे आहे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचा अंत झाला आणि देवगिरीच्या यादवांनी उत्तरेकडील भाग घेतला. पुढे बहामनी राजवट आली. तिची राजधानी प्रथम गुलबर्गा आणि नंतर बीदर. कल्याणी त्या दोहोंच्या मध्ये किल्ल्याचे ठाणे म्हणून राहिली. सपाटीवरचा हा किल्ला खंदक, बुरूज आणि एकामागून एक येणारे दरवाजे यांमुळे दुर्गम झाला होता. सोळाव्या शतकात सोलापूर आणि कल्याणी या दोन किल्ल्यांसाठी अहमदनगर आणि विजापूर यांच्यात कितीदा झुंज झाली याची गणती नाही. विजयनगरचा रामराय कधी एकाच्या, तर कधी दुसऱ्याच्या बाजूने या भांडणात उतरला, आणि त्यातून निर्माण झालेले वैर १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपर्यंत पोहोचले. १६५७ मध्ये औरंगजेबाने प्रथम बीदर आणि मग कल्याणी जिंकली. निजामाच्या राज्यात येथे नवाबांची जहागीर होती. हैदराबादेत आजही ‘कल्याणी बिर्याणी’ या नावाने म्हशीच्या मांसाची स्वस्त बिर्याणी मिळते, तिचा उगम याच नवाबांच्या हैदराबादेतील वाड्यात सांगितला जातो. जेथून मिताक्षरा गेली तेथूनच हातगाडीवरचे हे गरिबांचे अन्नही गेले.

राज्ये बदलली तरी गावाचे खरे वळण मठ, दर्गे आणि घरे यांनी घडवले. सदानंदांचा मठ हे आनंद संप्रदायाचे एक जुने पीठ कल्याणीत आहे. ‘हरिविजय’ आणि ‘रामविजय’ घरोघरी पोहोचवणारे श्रीधरकवी याच संप्रदायाच्या परंपरेतले. राजा बागसवार यांच्या दर्ग्यात हिंदू नवस फेडतात यात गावाला काही नवल वाटत नाही. जवळच्या लाडवंती येथे १८१७ मध्ये दत्तजयंतीला जन्मलेले माणिकप्रभू लहानाचे मोठे झाले ते कल्याणीत, मामांच्या घरी. हुमनाबादेजवळच्या माणिकनगरात त्यांनी पुढे जो सकलमत संप्रदाय स्थापन केला, त्यात सर्व मतांना सारखाच मान आहे. त्यांची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत आणि हिंदुस्थानीतही आहेत. ज्या गावच्या गल्लीत मूल सकाळी एक भाषा ऐकते, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी, तेथे सकलमत हा तत्त्वज्ञानाचा सिद्धांत होण्याआधी कानांची सवय असतो.

या सवयीची सगळ्यात सुंदर खूण मार्गशीर्ष अमावस्येला दिसते. लातूर, धाराशिव, बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते माणसांनी भरून जातात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभारतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा होते. मग नाना कडधान्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीचे अंबिल असा थाट असतो. ज्याचे शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावून जेवू घालतात. मराठीत या सणाला वेळ अमावस्या किंवा येळवस म्हणतात. कानडीत त्याला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात, आणि ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. मराठी जिभेवर कानडी तिळाची वेळ झाली, आणि त्याचे कोणालाही वैषम्य वाटले नाही. अण्णा, अक्का, तूप हे शब्दही असेच शेजाऱ्याच्या घरून आलेले आहेत. ते परत करावेत असे कोणाला सुचत नाही.

परंतु गावाच्या इतिहासात केवळ सण आणि अंबिलच असते असे नाही. १९४८ हे वर्ष या प्रदेशाने कधीही विसरू नये आणि ते अर्धे लक्षात ठेवण्याची चूकही करू नये. त्या वर्षीच्या मे महिन्यात कल्याणीपासून फार दूर नसलेल्या गोरटा गावावर रझाकारांनी हल्ला करून ग्रामस्थांची कत्तल केली. त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्मारक झाले, त्याचे अनावरण २०२३ मध्ये झाले. सप्टेंबरात, १३ ते १७ तारखांच्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. त्यानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उठली आणि गावोगावचे निरपराध मुसलमान तिच्यात बळी पडले. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी धाडले. संस्थानात मिळून किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे त्यांनी नोंदवले. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. गोरट्याचे मृत आणि त्या शरदातील मृत हे एकाच मातीतले होते. एकाच्या स्मारकाशी उभे राहून दुसऱ्याविषयी मौन पाळणारा माणूस आपल्या गावाचा इतिहास सांगत नसतो. तो इतिहासाची वाटणी करीत असतो, आणि तीही मिताक्षरेच्या जुन्या पद्धतीने, काही लेकरांना वगळून.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी प्रदेशाबरोबर गेले, काही भाग आंध्रात गेला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, कल्याणी हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात, अशी अवस्था अनेक घरांची झाली. ज्यांचे शिक्षण उर्दूतून झाले, घरी मराठी होती आणि ज्यांना सरकारी अर्ज कानडीत लिहावा लागला, अशी एक पिढी या भागाने पाहिली. सीमेविषयीची गाऱ्हाणी खरी आहेत. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावाही दाखल केला. तथापि मराठीचे या गावातील स्थान न्यायालयाच्या निकालावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते मराठी शाळेतील पटावर आणि मराठी पुस्तक वाचणाऱ्या हातांवर अवलंबून आहे. पटावरील संख्या घटली तर कोणताही निकाल तिला वाचवू शकणार नाही.

१७ सप्टेंबर २०१९ रोजी कर्नाटक सरकारने हैदराबाद-कर्नाटक या प्रदेशाचे नाव ‘कल्याण कर्नाटक’ असे केले. जळालेल्या, लुटलेल्या आणि तालुक्याच्या ठिकाणापर्यंत उतरलेल्या एका गावाचे नाव पुन्हा एकदा विस्तीर्ण प्रदेशाला मिळाले. नाव परत आले खरे, पण नावामागची स्मृती कोठे आहे? ती काही अंशी जैसलमेरच्या भांडारात होती, दारासुरमच्या मूर्तीवर होती, बडोद्याच्या ग्रंथमालेत होती. आजही ती बऱ्याच अंशी सीमाभागातील जुन्या वाड्यांच्या माळवदाखाली, फडताळांत आणि पेट्यांत आहे. मोडीतील वाटणीपत्रे, उर्दूतील सनदा, कानडीतील पावत्या, सावकाराच्या वह्या, शाळेची हजेरीपत्रके, लग्नपत्रिका, मठांचे जमाखर्च, ही सगळी गावाच्या दैनंदिन जीवनाची खरी साधने होत. वाडा पाडताना ती रद्दीच्या भावाने जातात. मोडी वाचणारा घरातील शेवटचा माणूस गेला, की कागद असूनही तो मुका होतो.

शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाने हाती घ्यावे असे याहून निकडीचे काम दुसरे नसेल. सभासदांनी आपल्या घरातील असा कागद येथे आणून दाखवावा, ग्रंथालयाने त्याची नक्कल ठेवून मूळ कागद घरच्यांना परत द्यावा, आणि मोडी, उर्दू व कानडी वाचणाऱ्या माणसांना एका टेबलाशी आणावे. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि भाषा कोणतीही असली तरी कागद आपल्याच गावाचा आहे अशी भावना. राजाचे चरित्र बिल्हणाने लिहिले. तांदूळ वेचणाऱ्या लक्कम्माची वचने शरणांनी पाठीवर वाहून नेली म्हणून वाचली. सस्तापूर बंगल्यावर लोखंड ठोकणाऱ्या, येळवसेला शेतात परक्याला जेवू घालणाऱ्या आणि पहाणीवर आपले नाव शोधणाऱ्या आजच्या माणसांचे कागद कोण जपणार, हे मात्र अजून ठरायचे आहे.